प्रेस्क आयलचा किनारा अस्ताव्यस्त का दिसतो?

नमस्कार.

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहात, यंदाच्या उन्हाळ्यात मुलीकडे पेनसिल्व्हेनियात आला होता आणि ईरी शहराला लागून असलेले प्रेस्क आयल हे राज्य उद्यान आपण पाहिले. या उद्यानाची पर्यावरणपूरक म्हणून कीर्ती ऐकली होती, पण प्रत्यक्षात किनाऱ्यावर ओंडके तसेच पडलेले, पाण्याच्या कडेला गवत कमरेएवढे वाढलेले आणि पूर्वेकडच्या टोकाला जायला बंदी असल्याचे दिसले. शिवाय याच किनाऱ्यावर बाहेरून ट्रकने वाळू आणून ओततात असेही कळले. याला व्यवस्थापन म्हणायचे की दुर्लक्ष, आणि आपल्या गावच्या तलाव सुशोभीकरण समितीने यातून काय उचलावे, असे आपण विचारता.

अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या महासरोवरांच्या (ईरी सरोवर त्यांतलेच एक) काठावरच्या सार्वजनिक उद्यानांचे पाणी आणि किनारे यांचे काम मी गेली 22 वर्षे करतो आहे, त्यामुळे ही शंका माझ्या परिचयाची आहे. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की, जिथे माणसाने मुद्दाम हात लावलेला नाही आणि जिथे हात लावायचाच राहून गेला आहे, या दोन जागा वरवर पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात. मग त्या ओळखायच्या कशा? मी एक साधी कसोटी लावतो. उद्यानाचा पैसा, माणसे आणि वेळ नेमका कशावर खर्च होतो ते पाहायचे. दुर्लक्षित उद्यानात खर्चच होत नाही, किंवा झाला तर तो प्रवेशद्वारावर होतो. प्रेस्क आयलमध्ये खर्च भरपूर होतो, मात्र तो पर्यटकाच्या नजरेस सहज पडत नाही.

आधी ती जागा काय आहे ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. ‘प्रेस्क आयल’ या फ्रेंच नावाचा अर्थच ‘जवळजवळ बेट’ असा आहे. सुमारे 3,100 एकरांचा हा वाळूचा दांडा ईरी सरोवरात कमानीसारखा शिरला आहे, आणि 1921 पासून ते राज्य उद्यान आहे. पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा वाळू सतत पूर्वेकडे ढकलतात. मुळाशी किनारा झिजतो आणि टोकाला नवी जमीन तयार होते. एकोणिसाव्या शतकात वादळाने या दांड्याची मान तुटली होती आणि तीसएक वर्षे ते खरोखरच बेट झाले होते. टोकाकडची जमीन काही वर्षांची, तर आतल्या जंगलाखालची शेकडो वर्षांची. त्यामुळे उघडी वाळू, तिला धरणारे गवत, मग कॉटनवुडची झाडे, मधली पाणथळ तळी आणि शेवटी दाट जंगल असे सगळे टप्पे थोड्याशा चालीत पाहायला मिळतात. वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो जेनिंग्ज यांनी 1909 सालीच इथल्या वनस्पतींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे हे उद्यान चालत्या जमिनीवर वसलेले आहे, आणि आपल्याला खटकलेल्या तीनही गोष्टी या चालत्या वाळूशी आणि तिच्या कडेच्या पाण्याशी बांधलेल्या आहेत.

ओंडक्यांपासून सुरुवात करू. लाटांबरोबर आलेले लाकूड वरच्या वाळूवर अडकते, त्याच्या आडोशाला वाऱ्याने उडणारी वाळू साचते, त्या ढिगाऱ्यात गवताचे बी धरते आणि हळूहळू तिथे छोटी टेकडी तयार होते. लाटांनी आणून टाकलेला शेवाळाचा आणि काडीकचऱ्याचा पट्टाही तसाच कामाचा असतो. त्यात किडे होतात आणि किनाऱ्यावरचे छोटे पक्षी त्यांच्यावर जगतात. हा पट्टा यंत्राने रोज उचलला तर किनारा छायाचित्रात छान दिसतो, मात्र त्याच्याबरोबर वाळूही उचलली जाते आणि टेकड्या धरत नाहीत. जिथे मुले पोहतात तिथे सफाई हवीच. पण सगळा किनारा एकाच मापाने झाडायचा नाही, हा इथला हिशेब आहे.

आता वाळूच्या ट्रकांकडे येतो. आपण अभियंता असल्यामुळे इथे थोडे सविस्तर लिहितो. उद्यान नैसर्गिक ठेवायचे म्हणता आणि वाळू मात्र बाहेरून आणता, ही विसंगती नव्हे का, हा आपला आक्षेप योग्य आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. होय, ही तडजोड आहे. दांड्याला आपल्या मर्जीने सरकू दिले असते तर आजचे रस्ते, किनारे आणि आतली खाडी या जागी राहिली नसती, आणि त्या खाडीवर ईरीचे बंदर अवलंबून आहे. किनारा टिकवायचा असे एकदा ठरल्यावर, तो कमीत कमी अडथळ्याने कसा टिकवायचा एवढाच प्रश्न उरतो. लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने 1978 मध्ये दहा क्रमांकाच्या किनाऱ्यासमोर फक्त तीन दगडी बांध प्रयोग म्हणून बांधले, त्यांच्यामागे वाळू कशी साचते ते काही वर्षे पाहिले, आणि मग 1989 ते 1992 या काळात असे 55 बांध घातले. प्रत्येक बांध सुमारे 45 मीटर लांब आहे आणि दोन बांधांमध्ये शंभर मीटरहून जास्त फट आहे. ही फट मुद्दाम ठेवलेली आहे. सलग भिंत घातली असती तर लाटेचा जोर मोडला असता, पण वाळूचा पूर्वेकडचा प्रवासही थांबला असता आणि टोक उपाशी राहिले असते.

फट ठेवल्यावर थोडी वाळू वाहून जाणारच, म्हणून मूळ आराखड्यातच दरवर्षी सुमारे 38,000 घनयार्ड, म्हणजे साधारण 29,000 घनमीटर, वाळू भरण्याची तरतूद होती. बांध नसते तर याच्या कितीतरी पट वाळू लागली असती. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: बांध बांधून झाले, फीत कापली आणि विषय संपला, असे इथे कोणी धरले नाही. देखभालीचा खर्च आराखड्याचाच भाग मानला गेला, आणि तो केंद्र व राज्य मिळून उचलतात. ट्रकने वाळू आणण्यात डिझेल जळते, खाणीच्या जागेचे नुकसान होते, हे सगळे खरे आहे. ते लपवून या पद्धतीला पर्यावरणपूरक म्हणणे मला पटत नाही. मी तिला ‘सलग भिंतीपेक्षा कमी घातक’ म्हणेन, आणि या कामात बहुतेक वेळा तेवढेच म्हणता येते.

बंद टोकाचे नाव गल पॉइंट. 1 एप्रिल ते 30 नोव्हेंबर या काळात त्याचा संरक्षित भाग लोकांना पूर्ण बंद असतो, म्हणजे नेमका पर्यटनाचा सगळा हंगाम. पायपिंग प्लोव्हर नावाचा चिमणीपेक्षा थोडा मोठा, वाळूच्याच रंगाचा पक्षी आहे. आपल्याकडच्या चिखल्याच्या जवळचा नातेवाईक. तो घरटे बांधत नाही. उघड्या वाळूत उथळ खळगा करून त्यात अंडी घालतो, आणि ती खड्यांमध्ये अशी मिसळून जातात की दोन पावलांवर उभे राहूनही दिसत नाहीत. एका दुसऱ्या किनाऱ्यावर पक्षीतज्ज्ञाने मला बोट दाखवून सांगितले, तरी मला ती दिसायला अर्धा मिनिट लागला होता. अशा ठिकाणी ‘कृपया सांभाळून चाला’ या पाटीचा उपयोग नसतो. माणूस सांभाळून चालला तरी त्याला दिसतच नाही, आणि त्याचे मोकळे सोडलेले कुत्रे तर सांभाळतही नाही. प्रेस्क आयलवरून हा पक्षी 1950च्या दशकात नाहीसा झाला होता. साठहून अधिक वर्षांनी, 2017 साली, त्याने गल पॉइंटवर पुन्हा अंडी घातली.

त्याच्या परतण्यामागे केवळ बंदी होती असा समज मात्र होऊ देऊ नका. नुसते कुंपण घालून सोडले असते तर ते टोक फ्रॅगमायटीसने भरून गेले असते. हे परदेशी जातीचे उंच वेतासारखे गवत आहे, पाणकणसासारखेच दाट माजते आणि दुसऱ्या कशालाही जागा ठेवत नाही. प्लोव्हरला उघडी वाळू लागते, म्हणून कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी ही झाडोऱ्याची गर्दी काढून जागा मोकळी केली, आणि फ्रॅगमायटीससाठी तणनाशकही वापरले. तणनाशकाचे नाव काढले की आपल्यासारख्या अनेकांच्या भुवया उंचावतात, आणि मीही ते हलक्या हाताने सुचवत नाही. पण या गवताची मुळे जमिनीखाली दूरवर पसरतात. नुसते कापले तर ते त्याच मुळांतून पुन्हा फुटते. मोजून, हंगाम पाहून, पाण्याजवळ वापरायला परवानगी असलेल्या रसायनाचा वापर करायचा की पाणथळ तळीच गमवायची, असा निर्णय असतो तेव्हा मी पहिल्या बाजूला उभा राहतो. दरवर्षी फवारणीच करावी लागत असेल, तर मात्र आपले मूळ निदान चुकले असे समजावे.

कमरेएवढ्या गवताबद्दल मी स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्या सुरुवातीच्या काळात, नाव न घेता सांगतो, एका छोट्या सरोवरावरच्या उद्यानाने पाण्याच्या काठापर्यंत सपाट हिरवळ लावली होती आणि दर आठवड्याला ती कापली जात असे. दिसायला ते गोल्फच्या मैदानासारखे होते. दोन वर्षांत तिथे कॅनडा गूस या हंसासारख्या मोठ्या पाणपक्ष्याचे थवेच्या थवे मुक्कामाला आले. या पक्ष्याला आखूड कोवळे गवत खायला आवडते, आणि मोकळी हिरवळ असली की शत्रू लांबून दिसतो व पाण्यात उतरायला वाटही सरळ मिळते. आम्ही त्याला हवे ते सगळे ताटात वाढून ठेवले होते. त्यांची विष्ठा पावसाबरोबर थेट पाण्यात जाऊ लागली आणि पोहण्याचा किनारा वारंवार बंद ठेवावा लागला. औषधे, आवाज, प्लॅस्टिकचे बनावट कोल्हे, असे सगळे झाले. शेवटी काठाचा पाच-सहा मीटरचा पट्टा कापायचा बंद केला आणि तिथे स्थानिक उंच गवत व लव्हाळे वाढू दिले. पुढच्या हंगामात थवे बरेच विरळ झाले. तोच पट्टा वरून वाहत येणारी माती आणि खतही अडवतो. तेव्हापासून पाण्याच्या कडेला कापलेली हिरवळ दिसली की मला आधी विष्ठेचाच विचार येतो.

पाण्याच्या तपासणीकडे आपले लक्ष गेले नसावे, कारण ती सकाळी लवकर होते. नमुना घेणारा माणूस कमरेइतक्या पाण्यात जातो, निर्जंतुक बाटली तोंड खाली करून बुडवतो आणि पाण्याखाली ती वळवून भरतो, म्हणजे वरचा तवंग आत येत नाही. बर्फाच्या पेटीत ती प्रयोगशाळेत जाते आणि तिथे विष्ठेतून पाण्यात येणारे ई. कोलाय जिवाणू मोजतात. पेनसिल्व्हेनियात 100 मिलिलिटर पाण्यात 235 किंवा अधिक आढळले तर सावधगिरीची सूचना लावतात आणि 1,000 वर गेले तर पोहणे बंद करतात. अडचण अशी की उत्तर यायला जवळपास एक दिवस लागतो. म्हणजे आज पोहणाऱ्याला कालच्या पाण्याची माहिती मिळते. म्हणून इथे पाऊस, वारा, लाटा, गढूळपणा अशा मोजमापांवरून त्याच दिवसाचा अंदाज बांधणारी पद्धतही वापरतात. कुरव पक्ष्यांना पाव टाकू नका, हा उद्यानातला नियम याच साखळीतला आहे, कारण पक्षी जिथे जमतात तिथली ओली वाळू जिवाणू साठवून ठेवते आणि लाट आली की ते पाण्यात सोडते.

इमारती आणि वाहतूक यांबद्दल थोडक्यातच लिहितो. टॉम रिज पर्यावरण केंद्र 2006 मध्ये सुरू झाले आणि ते हरित बांधणीचे म्हणून प्रमाणित आहे. मला त्यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते ते त्याचे स्थान: ते दांड्याच्या तोंडाशी, पक्क्या जमिनीवर आहे, वाळूवर नाही. उद्यानात रात्रीच्या मुक्कामाची सोय नाही, त्यामुळे मुक्कामाबरोबर येणारे सांडपाणी आणि शेकोट्या टळतात. मात्र वर्षाला सुमारे 40 लाख भेटी होतात आणि त्यातले बहुतेक लोक मोटारीने येतात. सायकलीचा सुरेख मार्ग आहे, तरीही ही बाजू लंगडी आहे.

सर्वांत मोठी गोष्ट आपल्या प्रश्नात आलीच नाही, कारण ती उद्यानाच्या हद्दीबाहेर घडली. दांडा आणि शहर यांच्यामध्ये प्रेस्क आयल बे ही शांत खाडी आहे. या खाडीतल्या ब्राउन बुलहेड नावाच्या, तळाशी राहणाऱ्या मिशाळ माशांच्या अंगावर आणि यकृतात गाठी सापडत होत्या, आणि तळाचा गाळ दूषित होता. 1991 साली अमेरिका व कॅनडा यांच्या सरोवर-करारानुसार तिची नोंद चिंताजनक क्षेत्रांच्या यादीत झाली. पुढच्या दोन दशकांत शहराने सांडपाण्याची व्यवस्था सुधारली, पावसात मैलापाणी खाडीत सांडणे कमी केले, जुने कारखाने गेले, आणि वरून येणारी घाण थांबल्यावर तळाचा दूषित गाळ हळूहळू स्वच्छ गाळाखाली गाडला गेला. 2013 मध्ये खाडी त्या यादीतून बाहेर आली. उद्यानाने कितीही झाडे लावली असती, तरी शहराच्या गटारांनी काम केले नसते तर हे घडले नसते.

म्हणून आपल्या समितीसाठी माझे उत्तर इथून सुरू होते, आणि ते बरेचसे आपल्या तलावाच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. आपल्याकडे समुद्रासारख्या लाटा नाहीत, त्यामुळे बांध आणि वाळूभरण यांचा आपल्याशी संबंध नाही. आपला तलाव पावसाने भरतो आणि मे महिन्यापर्यंत बराच खाली जातो. इथे पाण्याची पातळी वर्षात एवढी हलत नाही. म्हणजे आपला काठ हा एक रेघ नसून दरवर्षी उघडा पडणारा रुंद पट्टा आहे. त्या पट्ट्यावर दगडी पिचिंग आणि पेव्हर ब्लॉक घालून वर जॉगिंग ट्रॅक केला, तर लव्हाळे, चिखल आणि त्यावर जगणारे पाणपक्षी सगळेच जातात. तलाव पिण्यासाठी आहे, मासेमारीसाठी आहे की केवळ फिरण्यासाठी, त्यावर विसर्जन होते का, जनावरे पाण्यावर येतात का, हे आपण लिहिलेले नाही, आणि त्याशिवाय काठाचा आराखडा सुचवणे मला योग्य वाटत नाही. जनावरे येत असतील तर त्यांना हाकलून लावण्यापेक्षा एका बाजूला उताराची पक्की जागा करून देणे मी पसंत करेन, म्हणजे बाकीचा काठ तुडवला जाणार नाही.

तरीही तीन गोष्टी बहुतेक ठिकाणी लागू पडतात, असे माझे मत आहे. तलावात येणारे सगळे नाले आधी शोधा, कारण सांडपाण्याचा एक नाला वळवल्याने जे साधते ते कारंजांनी साधत नाही. जलपर्णी वाढते ती याच पाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. काठाचे भाग पाडा: लोकांसाठी घाट आणि बसण्याची जागा एका बाजूला नीटनेटकी करा, आणि दूरची एक बाजू विणीच्या काळात बंद ठेवा. ही बंदी मोडली जाईल, असे सदस्य म्हणतील. मोडली जाईलच, म्हणून तिथे रस्ता नेऊच नका. वाट नसलेल्या जागी माणूस फार कमी जातो. आणि अंदाजपत्रकात देखभालीसाठी दरवर्षीची रक्कम वेगळी दाखवा. ठेकेदाराचे बिल निघाल्यावर दोन वर्षांनी त्या कामाकडे कोण पाहणार, हे कागदावर लिहिलेले नसेल, तर काम सुरू करण्याआधी ते लिहून घ्या.

मापे घेतल्याशिवाय मात्र काहीच ठरवू नका. या पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर तासाभरात प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी एक पांढरी बाटली भरा, तिच्यावर ठिकाण आणि वेळ लिहा, आणि सगळ्या बाटल्या एका ओळीत ठेवून छायाचित्र घ्या. जवळच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्र विभागाकडून त्यांतले फॉस्फेट, नायट्रेट आणि जिवाणू तपासून घेता येतील. ते छायाचित्र, आकडे आणि तलावाचा हातानेच काढलेला नकाशा आपण इथे टाकलात, तर कोणत्या नाल्यापासून सुरुवात करावी ते मी आपल्याला निश्चितपणे सांगू शकेन.